नुसती रे

श्रोतेहो, नमस्कार.

एका चित्रपटाचा शेवट माझ्या मनात बरीच वर्षं सलतो आहे. आज तो तुमच्या सोबतीनं नव्यानं लिहून पाहणार आहे. चित्रपट आहे ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’. डिसेंबर २०१९मध्ये तो आला. १९७७ साली जॉर्ज लुकस यांनी ‘स्टार वॉर्स’ची जी मूळ कथा सुरू केली, तिचा हा नववा भाग. ४२ वर्षं चाललेल्या गोष्टीची समाप्ती. जगभरातून त्यानं शंभर कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला, म्हणजे लोकांनी पाठ फिरवली असं मुळीच झालं नाही. लोक गेले, आशेनं गेले, आणि त्यांतले पुष्कळजण काहीतरी हातातून निसटल्यासारखे बाहेर आले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना अडचण येऊ नये म्हणून कथा सांगत सांगतच पुढे जाते. ज्यांना अजून पाहायचा आहे त्यांना आधीच सांगून ठेवते, शेवट आज सगळा उघड होणार आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी भाची होती, अकरा वर्षांची. आधीचा, म्हणजे आठवा भाग तिनं नवव्या वर्षी पाहिला होता. त्या भागाच्या शेवटच्या दृश्यात तबेल्यात राबणारा एक पोरका मुलगा आहे. तो नुसता हात पुढे करतो आणि भिंतीला टेकवलेला झाडू आपसूक त्याच्या हातात येतो. त्याला त्याचं नवलही वाटत नाही. थोडं झाडतो, मग आकाशाकडे बघत तोच झाडू तलवारीसारखा धरून उभा राहतो. त्याचं नाव आपल्याला कुणी सांगत नाही. ते दृश्य पाहिल्यापासून आमची ही पोर अधूनमधून कोपऱ्यातल्या झाडूसमोर हात पुढे करून उभी राहायची. कुणी बघत नाही अशा वेळी. मी दाराआडून दोनतीनदा पाहिलं आणि काही न बोलता मागे फिरले.

नववा भाग संपला, दिवे लागले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “म्हणजे आत्या, ती पण शेवटी कुणाचीतरी नातच निघाली ना?”

‘ती’ म्हणजे रे. या शेवटच्या तीन चित्रपटांची नायिका. आपल्या मराठी कानाला ते नाव म्हणजे कुणीतरी हाक मारावी तसं लागतं, आणि मला ते नेहमीच आवडत आलं आहे. रे जक्कू नावाच्या वाळवंटी ग्रहावर भंगार वेचून जगते. दिवसभर जुन्या जहाजांच्या सांगाड्यांत शिरून सुटे भाग काढायचे, घासून स्वच्छ करायचे आणि त्यांच्या बदल्यात मिळेल तेवढं खायचं. राहते ती एका कोसळलेल्या अवाढव्य युद्धयंत्राच्या पोटात. तिथल्या लोखंडी भिंतीवर ती रोज एक रेघ ओढते. लहानपणी तिला तिथं सोडून गेलेले आईबाप परत येतील म्हणून दिवस मोजते. २०१५च्या सातव्या भागात त्या भिंतीचं दृश्य काही क्षणच दिसतं, पण त्या शेकडो रेघा एकदा पाहिल्या की या मुलीचं दुखणं काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

२०१७च्या आठव्या भागात दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी त्या दुखण्यालाच हात घातला. रे एका काळोख्या गुहेत जाते आणि म्हणते, मला माझे आईबाप दाखव. समोर आरशासारखी भिंत आहे. धुक्यातून दोन आकृत्या पुढे येतात, एकमेकींत मिसळतात, आणि शेवटी दिसतो तिचा तिचाच चेहरा. पुढे कायलो रेन, शत्रूच्या बाजूचा तरुण योद्धा, तिला तिच्याच मनातलं बोलून दाखवतो, की तुझे आईबाप कुणीच नव्हते, भंगारवाले होते, दारूच्या पैशांसाठी तुला विकून गेले. मला विचाराल तर सबंध मालिकेतलं सगळ्यात धीट पाऊल हेच. राजघराणी, वारसदार, भविष्यवाण्या यांनी भरलेल्या या विश्वात पहिल्यांदाच नायिकेच्या मागे कुणीही उभं नव्हतं, आणि तरीही फोर्स, म्हणजे चराचराला बांधून ठेवणारी ती शक्ती, तिच्या हाकेला ओ देत होती. म्हणूनच तबेल्यातल्या त्या पोराचा झाडू उचलला गेला. म्हणूनच माझी भाची कोपऱ्यात हात पुढे करून उभी राहायची.

नवव्या भागात कळतं की रे ही सम्राट पॅल्पटिनची नात आहे. हाच तो सम्राट, ज्याला १९८३च्या चित्रपटात डार्थ व्हेडरनं, म्हणजे मूळ कथेतल्या ल्यूक आणि लेया या जुळ्या भावंडांच्या बापानं, उचलून खोल विवरात फेकलं होतं. तो परत कसा आला, याचं धड उत्तर चित्रपटातल्या पात्रांनाही देता येत नाही. एक्झेगॉल नावाच्या काळोख्या ग्रहावर त्यानं जहाजांचं प्रचंड आरमार उभं केलं आहे, आणि त्यातलं एकेक जहाज एकेक ग्रह उडवू शकतं. रे त्याच्यासमोर जाते. तो तिला स्वतःचं सिंहासन देऊ करतो, ती नाकारते. कायलो रेन, म्हणजे मूळचा बेन सोलो, हान आणि लेया यांचा मुलगा, पालटून तिच्या मदतीला येतो, पण सम्राट त्याला दरीत फेकतो. मग रे ल्यूकचं आणि लेयाचं अशी दोन लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारी, फुलीसारखी समोर धरते, सम्राटाची वीज त्याच्यावरच उलटते, तो भस्म होतो. रे मरून पडते. बेन दरीतून वर येतो, स्वतःचा प्राण तिच्यात ओततो, ती जागी होते, त्याचं चुंबन घेते, आणि तो मरतो. अगदी शेवटी रे टॅटुइन ग्रहावर ल्यूकच्या जुन्या घरी जाते, दोन्ही लाइटसेबर वाळूत पुरते. वाटेनं जाणारी एक म्हातारी विचारते, तू कोण? ही म्हणते, रे. रे कोण? ल्यूक आणि लेया यांच्या छाया दूर उभ्या असतात. ही म्हणते, रे स्कायवॉकर.

एक मोठं घराणं नाकारलं आणि दुसरं मोठं घराणं घेतलं.

असं का झालं, याची काही कारणं उघडच आहेत, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. हा भाग मुळात कॉलिन ट्रेव्होरो दिग्दर्शित करणार होते. सप्टेंबर २०१७मध्ये ते बाजूला झाले आणि सातवा भाग केलेले जे. जे. अब्राम्स परत आले. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१६मध्ये, लेया साकारणाऱ्या कॅरी फिशर गेल्या. सातव्या भागासाठी चित्रित झालेले पण न वापरलेले त्यांचे तुकडे घेऊन त्यांच्याभोवती प्रसंग रचावे लागले. म्हणजे आधी संवाद, मग त्या संवादांना जुळणारा प्रसंग. या परिस्थितीत काम करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. लेयाचे ते तुकडे पाहताना माझे डोळे भरून आले होते, हेही खरं आहे.

आता, दुसऱ्याच्या कथेचा शेवट बदलायचा आपल्याला काय अधिकार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. लुकस यांनी स्वतः १९८३च्या भागाचा शेवट १९९७मध्ये बदलला, जल्लोषाचं गाणं काढून नवं संगीत घातलं, इतर ग्रहांवरचे उत्सव जोडले. २००४मध्ये पुन्हा हात लावला आणि छायारूपातल्या अनाकिनचा, म्हणजे मूळच्या डार्थ व्हेडरचा, चेहराच बदलला. पण ते कर्तेच होते, त्यांची गोष्ट सोडा. मला आठवतो तो आठव्या शतकातला भवभूती. वाल्मीकींच्या सीतेला अखेर भूमीनं पोटात घेतलं. भवभूतीनं ‘उत्तररामचरित’ लिहिलं आणि राम-सीतेची भेट घडवली. कशी घडवली, ते पाहण्यासारखं आहे. सीतात्याग झालाच नाही असं त्यानं केलं नाही. शेवटच्या अंकात नाटकातच नाटक मांडलं, रामाला आणि प्रजेला प्रेक्षक म्हणून बसवलं, जे झालं ते त्यांना डोळ्यांनी पाहायला लावलं. मग अरुंधती प्रजेला विचारते, आणि ज्या लोकांच्या तोंडच्या कुजबुजीनं सीतेला वनात धाडलं, तेच लोक तिच्यापुढे माथा टेकतात.

मी तोच नियम घेतला. घडलेलं पुसायचं नाही. सम्राट परतला तर परतला. रे त्याची नात, तर नात. शेवटची अर्धी घटका तेवढी माझी, आणि तीतही नवं काही आणायचं नाही, समोर जे मांडून ठेवलंय तेच वापरायचं.

सुरुवात रेपासून न करता फिनपासून करते. कारण या तीन चित्रपटांत सगळ्यात जास्त अन्याय झाला तो फिनवर. फिन स्टॉर्मट्रूपर होता, फर्स्ट ऑर्डर या शत्रूसत्तेचा पांढऱ्या चिलखतातला शिपाई. तान्हेपणी घरातून पळवून आणलेला. त्याला नाव नव्हतं, नंबर होता, एफएन-२१८७. सातव्या भागाच्या सुरुवातीला, पहिल्याच मोहिमेत, त्याचा सोबती त्याच्या मिठीत मरतो आणि जाता जाता रक्ताळलेली बोटं फिनच्या पांढऱ्या शिरस्त्राणावर ओढतो. सारखेच दिसणारे शेकडो शिपाई, आणि त्या डागामुळे त्यांतला एक आपल्याला ओळखू येऊ लागतो. गावकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम येतो, तो झाडत नाही. पळून जाताना पो डॅमरॉन हा वैमानिक त्या एफएनचंच ‘फिन’ करतो. त्याचं नाव हे असं, घाईत, शत्रूच्या विमानात बसून मिळालेलं.

आणि नवव्या भागात हा फिन काय करतो? शत्रूच्या प्रमुख जहाजाच्या पाठीवर उतरून ते उडवतो. लढाई म्हणून ती दृश्यं उत्तम आहेत. पण त्या जहाजात जे शिपाई होते, तेही फिनसारखेच पळवून आणलेले होते ना? सगळ्या आरमारासकट ते जळून जातात आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. याच चित्रपटात जॅना भेटते, तिची सगळी तुकडी भेटते, तीही अशीच हत्यारं टाकून पळालेली. म्हणजे दार लेखकांनीच उघडून ठेवलं होतं.

चित्रपटात एक गोष्ट आधीच आहे. एक्झेगॉलचं वातावरण इतकं बिकट आहे की जहाजांना वर यायची वाट आपली आपल्याला सापडत नाही. एकच संदेश सगळ्या आरमाराला वाट दाखवतो, आणि तो संदेश त्या प्रमुख जहाजावरून सुटतो. म्हणजे सगळं आरमार एका आवाजाला कान लावून बसलेलं आहे. माझ्या शेवटात फिन तो आवाज बंद करत नाही. तो त्या यंत्रासमोर बसतो आणि बोलतो.

“माझा नंबर एफएन-२१८७. तुमच्यातल्या काहींनी माझ्याबरोबर जेवण घेतलं असेल. मला माझ्या आईचा चेहरा आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसेल. मला वाटायचं की असं फक्त माझंच आहे. रात्री झोपताना तुम्हालाही तेच वाटत असेल. मला गोळी झाडायला सांगितलं, मी झाडली नाही. आभाळ कोसळलं नाही. शिरस्त्राण काढा. शेजारी कोण बसलंय ते बघा.”

मग गप्प. जहाजाच्या खोल्या, पांढऱ्या रांगा, कुणी हलत नाही. कॅमेरा थांबलेला. मग एका कोपऱ्यात एकजण शिरस्त्राण काढतो. सतराअठरा वर्षांचा पोरगा असेल. शेजारी बसलेली मुलगी त्याच्याकडे पाहते. सगळे काढत नाहीत, तसं झालं तर ते खोटं वाटेल. काही जहाजं लढतच राहतात, काहींवर आपसांत झटापट सुरू होते, काही नुसतीच थांबतात. पण ग्रह उडवणाऱ्या तोफेची कळ अखेर कुणाच्यातरी हातालाच दाबावी लागते, आणि तो हात आता अडखळलेला आहे. नेमक्या त्या वेळी लँडो, हान आणि लेया यांचा जुना साथी, हजारो जहाजं घेऊन येतो. ते दृश्य मी तसंच ठेवते. हे कुठलं आरमार, असा प्रश्न विचारणाऱ्या सेनापतीला उत्तर मिळतं की हे आरमार नाही, ही नुसती माणसं आहेत. सबंध चित्रपटातलं ते मला सगळ्यात प्रिय वाक्य. माझ्या शेवटात ते दोन्ही बाजूंना लागू पडतं, एवढाच फरक.

खाली सम्राटाच्या दालनात रे उभी आहे. इथं मला कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. माझ्या भाचीचा प्रश्न खरं म्हणजे कर्णालाही विचारता आला असता. सूतपुत्र म्हणून जगलेला, कुळ दैवाच्या हाती आणि पराक्रम माझ्या हाती असं छातीठोक सांगणारा तो, शेवटी कुंतीचाच मुलगा निघाला. पण उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगतो, थोरला पांडव म्हणून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण काय उत्तर देतो? अधिरथ आणि राधा यांनी मला वाढवलं, तेच माझे. गुपित कळल्यावरही तो राधेयच राहिला. कर्ण मोठा ठरतो तो त्या उत्तरामुळे, कुंतीमुळे नव्हे. आत्यानं भाचीला त्या संध्याकाळी हे सांगायला हवं होतं, सुचलं नाही.

म्हणून सम्राट माझ्या शेवटात रेला सिंहासनापेक्षा मोठं आमिष दाखवतो. तो म्हणतो, ज्या भिंतीवर तू रेघा ओढल्यास, तिथं तू एका नावाची वाट पाहत होतीस. ते नाव मी आहे. तुझी वाट पाहणारं या विश्वात एकच माणूस होतं, तो मी. आणि रेला मोह व्हावा. खरोखरचा मोह. चित्रपटात तिला भीती वाटते ती मैत्रांच्या जिवाची, पण जक्कूवरच्या त्या मुलीला ‘तू आमची आहेस’ हे शब्द ऐकायला मिळणं यापेक्षा मोठी परीक्षा नाही. ती बराच वेळ उत्तर देत नाही. वरून फिनचा आवाज येतो, कारण तो संदेश खालीही ऐकू येतो. आईचा चेहरा आठवत नाही असं म्हणणारा तिचा मित्र. ती वर बघते आणि सम्राटाला म्हणते, “मी वाट पाहणं सोडलंय.”

पूर्वीच्या जेडायांचे, म्हणजे फोर्सच्या बळावर लढणाऱ्या योद्ध्यांचे, आवाज तिला ऐकू येतात, तो प्रसंग सुंदर आहे, त्याला मी हात लावत नाही. सम्राटाची वीज सुटते, तीही तशीच. फक्त बेनला दरीत पाठवत नाही. चित्रपटात रे एकटीच्या हातात दोन शस्त्रं धरते. मी एक बेनच्या हातात देते, त्याच्या आईचं. दोघं शेजारी उभे राहतात, वार करत नाहीत, नुसते अडवून धरतात. सम्राट स्वतःच्याच विजेत संपतो. चुंबन नाही. त्याची गरज मला तेव्हाही वाटली नव्हती.

बेन मात्र मरत नाही, आणि या एका गोष्टीवर माझे सगळ्यात जास्त कागद फाटले. त्यानं स्वतःच्या बापाला मारलं आहे. त्याच्या हुकमानं गावं जळली आहेत. डार्थ व्हेडर १९८३मध्ये मुलाला वाचवून मरतो आणि सुटतो. नातवालाही तीच वाट दिली, तर ज्यांची घरं जळली त्यांच्या हाती काय येतं? पहिल्या खर्ड्यात मी त्याच्यावर खटला चालवला. ते कोरडं वाटलं. दुसऱ्यात त्याला दूरच्या ग्रहावर एकटं पाठवलं, तर तो आठव्या भागात एकटाच जाऊन बसलेला ल्यूकच झाला. मग ध्यानात आलं की बेन फर्स्ट ऑर्डरचा सर्वोच्च नेता होता. कुठून कुठलं मूल उचललं याच्या सगळ्या नोंदी त्याच्या ताब्यात आहेत. प्रायश्चित्त हा आपला शब्द इथं अचूक बसतो, कारण त्यात काहीतरी करावं लागतं, रोज करावं लागतं. बेन त्या नोंदी घेऊन बसतो. शिरस्त्राण काढलेली मुलं रांगेनं येतात, नंबर सांगतात, तो शोधतो, ग्रहाचं नाव सांगतो, गावाचं सांगतो, सापडलं तर आईचं सांगतो. काहीजण ऐकून त्याच्याकडे न बघता निघून जातात. एकजण त्याच्या तोंडावर थुंकतो. तो पुढचा नंबर विचारतो.

रांगेत शेवटी फिन. बेन न विचारताच त्याची नोंद काढून पुढे करतो. फिन ती हातात घेतो, उघडत नाही. “कधीतरी वाचेन,” म्हणतो. “सध्या फिन बरं आहे.”

राहिली रे. टॅटुइनला तिला नेऊ नये असं मला वाटतं. ल्यूकला तिथून कधी एकदा सुटतो असं झालं होतं, आणि लेयाच्या गळ्यात साखळी पडली ती त्याच ग्रहावर. तिचं शस्त्र तिथं पुरणं मला कधीच पटलं नाही. काही श्रोते म्हणतील की स्कायवॉकर हे नाव रेनं प्रेमानं घेतलं, कर्णानं राधेचं घेतलं तसंच. मी यावर खूप विचार केला. ल्यूक आणि लेया यांनी तिला शिकवलं, माया लावली, हे खरं आहे. पण भिंतीवर रेघा ओढत, उपाशीपोटी, जिनं या मुलीला लहानाचं मोठं केलं, ती हीच मुलगी होती. गुहेतल्या आरशानं तेच सांगितलं होतं.

तेव्हा शेवटचं दृश्य जक्कूवर. तेच कोसळलेलं युद्धयंत्र, अर्धं वाळूत बुडालेलं. जॉन विल्यम्स यांचं संगीत इथं नको, नुसता वारा. रे आत वाकून शिरते. भिंतीवर तिच्या रेघा आहेत. त्यांच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर, नव्या रेघा आहेत. कुणा दुसऱ्याच्या. दहाबारा असतील.

आडोशाला एक पोर उभं आहे, हातात गंजलेला नळा, मारायला उगारलेला.

“तू कोण?”

“रे.”

“रे कोण?”

रे भिंतीकडे बघते. दोन्ही लाइटसेबर तिच्या पिशवीत आहेत, ती काढत नाही. गुडघ्यांवर बसते, म्हणजे पोराची आणि तिची नजर एका उंचीवर येते.

“नुसती रे. तुझं नाव काय?”

पोर नळा खाली घेतं.